संपादकाची कारकीर्द कुठे वाचायची? गोविंद तळवलकरांच्या निमित्ताने

'अमुक तमुक यांची पत्रकारिता : एक चिकित्सक अभ्यास.' असं शीर्षक तुम्ही एखाद्या तरी सिनॉप्सिसवर पाहिलं असेलच. खाली प्रकरणांची यादीही ठरलेली असते: जीवनपट, जडणघडण, लेखनाचा परिचय, भाषाशैली, समारोप. पेट पास झालात, गाइड मिळाले, आता विषय द्यायचाय, आणि संपादक हा विषय तसा सोपा वाटतो. पुस्तकं मिळतात, गौरवग्रंथ मिळतो, निधनानंतरचे लेख मिळतात. तीन-चार वर्षांत काम होऊन जाईल असा हिशेब आपण मनात करतो.

मला इथे तुम्हाला एकच गोष्ट पटवायची आहे. असा प्रबंध लेखकाचा होतो, संपादकाचा होत नाही. संपादकाची कारकीर्द त्याच्या पुस्तकांत अर्धीच असते. उरलेली अर्धी वर्तमानपत्राच्या पानावर असते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या नावाने किंवा कोणाच्याच नावाने छापलेली असते. ती वाचायची कशी, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी उदाहरण घेतोय गोविंद तळवलकरांचं. मराठीत 'संपादक' म्हटल्यावर जी चार-पाच नावं चटकन तोंडात येतात त्यांत त्यांचं नाव असतं, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल न तपासता बोलणं सगळ्यात सोपं असतं.

आधी कारकीर्द, थोडक्यात

तळवलकरांचा जन्म १९२५ चा, डोंबिवलीचा. १९५० मध्ये ते 'लोकसत्ता'त गेले आणि तिथे बारा वर्षं राहिले. ह. रा. महाजनींच्या संपादकपदाचा तो काळ. १८ जून १९६२ रोजी 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला. पहिले संपादक द्वा. भ. कर्णिक. तळवलकर तिथे सहायक संपादक म्हणून आले आणि १९६८ मध्ये संपादक झाले. ते १९९६ पर्यंत त्या खुर्चीवर होते. म्हणजे ढोबळ मानाने अठ्ठावीस वर्षं. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत राहिले, तिथूनही मराठी नियतकालिकांसाठी लिहीत राहिले. मार्च २०१७ मध्ये ह्यूस्टनला त्यांचं निधन झालं.

या अठ्ठावीस वर्षांत काय काय झालं ते जरा आठवा. १९६९ ची काँग्रेसची फूट, १९७१ चं युद्ध, १९७५ ची आणीबाणी, १९७८ चं शरद पवारांचं पुलोद सरकार, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा १९७८ ते १९९४ असा लांबलेला संघर्ष, १९८२ चा गिरणी संप, १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचा अस्त आणि त्याच वर्षी आपल्याकडचं आर्थिक वळण, १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगली आणि बॉम्बस्फोट. एवढ्या सगळ्यावर एकाच माणसाच्या हाताखाली रोज मत छापलं जात होतं. अभ्यासकाला याहून मोठं घबाड काय मिळणार?

आता याच माणसाची पुस्तकं बघा. 'सत्तांतर १९४७', 'नवरोजी ते नेहरू', 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त', 'विराट ज्ञानी न्यायमूर्ती रानडे', गोखल्यांचं इंग्रजी चरित्र, ग्रंथांवरच्या लेखांचं 'वाचता वाचता', आणि 'अग्रलेख' नावाचा संग्रह. यादी याहून बरीच लांब आहे. साहजिकच तुमचा हात आधी या पुस्तकांकडे जातो. जाऊ दे. पण तिथेच थांबलात तर काय निसटतं, ते बघू.

संपादक म्हणजे कोण? कायद्याला विचारा

संशोधनाच्या पहिल्या प्रकरणात आपण व्याख्या देतो आणि ती बहुधा शब्दकोशातून उचलतो. संपादकाच्या बाबतीत त्याहून चांगली व्याख्या कायद्यात आहे. १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अॅक्टमध्ये नंतर दुरुस्ती होऊन संपादकाची व्याख्या आली. तिचा आशय असा: वर्तमानपत्रात जो मजकूर छापला जातो त्याच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण असतं तो संपादक. लिहिणारा नव्हे, निवडणारा. आता २०२३ च्या नव्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली आहे, पण तुमचा अभ्यासविषय ज्या काळातला आहे त्या काळाला जुनाच कायदा लागू होता. घरातला एखादा जुना अंक काढून तळाची बारीक ओळ वाचा. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं तिथे असतात. काही वर्तमानपत्रं संपादकाच्या नावाशेजारी स्पष्टच लिहितात की पीआरबी कायद्यानुसार मजकुराच्या निवडीची जबाबदारी यांची.

ही फक्त कायद्याची भाषा आहे असं समजू नका. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात या एका शब्दापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले ते कशासाठी? कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या नावाची पत्रं त्यांनी छापली आणि ती बनावट निघाली. पत्रं या दोघांनी लिहिलेली नव्हती, ती छापायची असं ठरवलं होतं. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात 'केसरी'तला जो मजकूर पुरावा म्हणून आला त्यात 'शिवाजीचे उद्गार' होते. तेही टिळकांच्या नावाने नाही, टोपणनावाने छापलेले. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या बिनसहीच्या अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अग्रलेख नेमका कोणाच्या हातचा, हा प्रश्न तिथे गौणच होता. जबाबदारी टिळकांची होती आणि ती त्यांनी घेतली.

याची दुसरी बाजूही बघा. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढले तेव्हा १८८७ मध्ये आगरकरांना 'केसरी' सोडावा लागला आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. अग्रलेखाखाली नाव नसतं, त्यामुळे तिथे एका वेळी एकच आवाज मावतो. दोन माणसांची मतं दोन दिशांना गेली की एकाला दुसरं पत्र काढावं लागतं.

म्हणजे आपल्या परंपरेतच दोन गोष्टी आहेत. अग्रलेख निनावी असतो आणि संपादक निवडीसाठी ओळखला जातो, अगदी शिक्षाही त्यासाठी भोगतो. मग त्याच्यावरचा प्रबंध फक्त त्याच्या सहीच्या पुस्तकांवर कसा उभा राहील?

'तळवलकर म्हणतात' असं लिहिण्याआधी

मराठी दैनिकात अग्रलेखाचं काम साधारण कसं चालतं ते लक्षात घ्या. रोज एक मुख्य अग्रलेख, त्याखाली दुसरा छोटा अग्रलेख किंवा स्फुटं. संपादकाबरोबर सहायक संपादक असतात. विषयावर बोलणं होतं, कोणी लिहायचं ते ठरतं, संपादक वाचतो, कधी दोन ओळी बदलतो, कधी अख्खा लेख. संपादक रजेवर असतो, परदेश दौऱ्यावर असतो, आजारी असतो; अग्रलेख मात्र रोज असतो. त्यामुळे १९७४ च्या एखाद्या दिवसाचा 'महाराष्ट्र टाइम्स'चा अग्रलेख समोर ठेवून तुम्ही 'तळवलकर म्हणतात' असं लिहिलंत तर वायवाला पहिला प्रश्न यायला हवा: कशावरून?

यावर तीन उत्तरं देता येतात. पहिलं, तो अग्रलेख त्यांनी पुढे स्वतःच्या संग्रहात घेतला आहे. हा पुरावा पक्का. दुसरं, शैलीवरून ओळखलं. हा पुरावा कच्चा, कारण एका संपादकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करणारे सहकारी नकळत त्याच्यासारखंच लिहू लागतात. तिसरं उत्तर सगळ्यात प्रामाणिक: लिहिला कोणी ते सांगता येत नाही, पण तळवलकर संपादक असताना वर्तमानपत्राने ही भूमिका घेतली. प्रबंधात हे तिसरं वाक्य वापरायला लाजू नका. 'तळवलकरांचा महाराष्ट्र टाइम्स म्हणतो' असं लिहिल्याने काही बिघडत नाही. उलट तुमचा विषय एका माणसावरून एका संस्थेकडे सरकतो, आणि ते बरंच आहे.

मग पक्का पुरावा म्हणून संग्रहच वापरू या, असं तुम्ही म्हणाल. इथे दुसरी अडचण येते. संग्रह कोण करतं? संपादक स्वतः, किंवा त्याच्यावर प्रेम करणारं कोणीतरी. त्यात कोणते अग्रलेख जातात? जे पुन्हा वाचवतात ते. अंदाज खरे ठरलेले, भाषा साधलेली, विषय अजून जिवंत असलेले. निवडणुकीचा चुकलेला अंदाज, घाईत झालेली एखाद्या मंत्र्याची स्तुती, साखरेच्या भावावरचा रुक्ष मजकूर, हे गळतं. वादळानंतर वाडीत उभी राहिलेली झाडं मोजून वाऱ्याचा जोर कळत नाही. पडलेली मोजावी लागतात. संग्रह म्हणजे उभी राहिलेली झाडं. पडलेली फाइलीत सापडतात.

शिवाय संग्रहात अग्रलेखाचे शेजारी नाहीसे होतात. अंकात त्याच्या बाजूला वाचकांची पत्रं होती, खाली एखादा सहीचा लेख होता, पहिल्या पानावर त्या दिवशीची बातमी होती. अग्रलेख कशाला उत्तर देत होता आणि कशाबद्दल गप्प होता, हे त्या शेजाऱ्यांवरून कळतं. पुस्तकात तो एकटा उभा असतो, आणि एकटा माणूस नेहमीच जरा उंच दिसतो.

लेखक म्हणून तळवलकर: इथे पुरावा आहे

आता थेट मूल्यमापन करू, कारण समीक्षेत नुसत्या सावधगिरीच्या सूचना देऊन भागत नाही.

लेखक म्हणून तळवलकरांचं बळ कशात आहे? माझ्या वाचनात ते तीन गोष्टींत आहे. एक, गुंतागुंतीचा विषय ते वाचकाला कमी न लेखता सोपा करतात. वाक्य लहान, निर्णय स्पष्ट, उपरोध असला तर एका फटक्यात. दुसरी गोष्ट, जगाचा विस्तार. मराठी वाचकाला ब्रिटनचं राजकारण, मॉस्कोतली सत्तास्पर्धा, युरोपातले लेखक हे सगळं आपल्याच गल्लीतलं असल्यासारखं त्यांनी रोजच्या वाचनात आणून दिलं. तिसरी गोष्ट संशोधकाच्या कामाची आहे. 'वाचता वाचता'मधले लेख नीट उलगडून बघा. आधी ग्रंथकाराचं म्हणणं, मग ते कुठल्या वादात बसतं, मग स्वतःचं मत. हा क्रम ते सहसा मोडत नाहीत. साहित्याचा आढावा कसा लिहावा याचा याहून चांगला मराठी नमुना शोधायला वेळ लागेल. आपल्या प्रबंधांतला आढावा म्हणजे 'अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे' अशी रांग असते. तळवलकर ग्रंथकारांना एकमेकांशी बोलायला लावतात.

उणीवही सांगतो. वर्तमानपत्री लेखनाच्या सवयीमुळे संदर्भ हाती लागत नाहीत. मत कुठून आलं, कुठल्या पानावरून आलं, ते शोधताना दमछाक होते. वाचक म्हणून मला ते खटकत नाही, संशोधक म्हणून खटकतं. ब्रिटिश सरकारने सत्तांतराची कागदपत्रं १९७० ते १९८३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केली. 'सत्तांतर १९४७' वाचताना ते खंड शेजारी ठेवले तर मराठी पुस्तकात कुठे कागद बोलतोय आणि कुठे लेखक, हे दिसतं. हे काम एखाद्या एम.फिल.च्या जुन्या विद्यार्थ्याने केलं असतं तर सुरेख झालं असतं. आता तुम्ही करा.

आणि एक मोठी गोष्ट. पुस्तकांच्या शीर्षकांतली नावं एका ओळीत ठेवा: नवरोजी, रानडे, गोखले, नेहरू. त्यात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावरचा संस्कार मिळवा. एक परंपरा स्पष्ट दिसते. सनदशीर, उदारमतवादी, बुद्धिप्रामाण्य मानणारी, राज्यकारभार हा समाज बदलण्याचा मुख्य रस्ता समजणारी. अठ्ठावीस वर्षं दैनिकात आणि नंतरची वीस वर्षं पुस्तकांत त्यांनी हाच एक युक्तिवाद चालवला, असं म्हणता येईल. ही सुसंगती दुर्मीळ आहे आणि तिचा मान ठेवायला हवा.

पण परंपरा म्हटलं की तिच्या कडाही आल्या. याच अठ्ठावीस वर्षांत महाराष्ट्र दुसऱ्या आवाजांनी हलत होता. १९७२ मध्ये दलित पँथर, १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं', सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शरद जोशींची शेतकरी संघटना, १९८२ चा दत्ता सामंतांचा संप. या आवाजांचा युक्तिवाद रानडे-गोखल्यांच्या मार्गाने जाणारा नव्हता. त्यांना 'महाराष्ट्र टाइम्स'च्या मताच्या पानावर जागा किती मिळाली, कोणाच्या लेखणीतून मिळाली, आणि अग्रलेखात त्यांच्याबद्दल बोलताना क्रियापदं कोणती होती? तळवलकरांचे चाहते म्हणतील, भरपूर जागा मिळाली. टीकाकार म्हणतील, वरून पाहणारी नजर होती. पुस्तकांच्या आधारे दोघांनाही आपलं म्हणणं सिद्ध करता येणार नाही. लेखक तळवलकरांची थोरवी पुस्तकांवरून ठरवता येते. संपादक तळवलकरांची ठरवायची तर पान उघडावं लागतं. 'व्यासंगी' आणि 'साक्षेपी' ही दोन विशेषणं त्यांच्या नावापुढे इतकी चिकटली आहेत की ती लिहिली की अभ्यास संपला असं वाटतं. तुमच्या सिनॉप्सिसमधून ती दोन्ही आजच काढून टाका.

पानावर काय बघायचं

माझ्या मते चार गोष्टी बघाव्यात.

पहिली, सहीचे लेख कोणाचे. एका वर्षात किती वेगवेगळी माणसं लिहितात, त्यांत प्राध्यापक किती, राजकारणी किती, बायका किती, मुंबई-पुण्याबाहेरच्या किती. संपादकाने कोणाला हाताला धरून लिहितं केलं हे इथे कळतं. तळवलकरांच्या काळात 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये अशोक जैन दिल्लीतून 'राजधानीतून' लिहीत होते, आणि 'ग्रंथाली'च्या संस्थापकांपैकी दिनकर गांगल याच वर्तमानपत्रात काम करत होते. 'बलुतं' प्रकाशित केलं ते याच 'ग्रंथाली'ने. म्हणजे संपादक एक दिशा धरून लिहीत असताना त्याच्याच कचेरीतली माणसं दुसरी दारं उघडत होती. संपादकाने ती उघडू दिली, दुर्लक्ष केलं की प्रोत्साहन दिलं? एका ओळीचं उत्तर मिळणार नाही, पण प्रश्न पक्का आहे.

दुसरी, वाचकांची पत्रं. अग्रलेखाच्या विरोधातली पत्रं छापली जातात का, किती दिवसांनी, किती कापून? संपादकाचं मन मोठं आहे का हे त्याच्या अग्रलेखापेक्षा पत्रांच्या सदरात लवकर दिसतं.

तिसरी, गैरहजेरी. आणीबाणीचं उदाहरण घ्या. २८ जून १९७५ ला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि ती कोरी जागाच इतिहासात गेली. पण सगळी वर्तमानपत्रं काही रोज कोरी जागा सोडू शकत नव्हती. त्यांना रोज काहीतरी छापायचंच होतं. अशा वेळी विषयांची यादी करा. जून १९७५ च्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने. परराष्ट्र धोरण वाढलं का? पुस्तकं, शताब्द्या, पाऊसपाणी वाढलं का? एखादा विषय एकदम नाहीसा झाला का? सेन्सॉरशिपच्या काळातला अग्रलेख एकटा वाचला तर फसवतो. यादी करून वाचला तर बोलतो. यादी हातात येईपर्यंत कोणालाही धीट किंवा भित्रा ठरवू नका.

चौथी, गावांची नावं. हिच्यावर जरा जास्त बोलतो, कारण ही मला राहत्या जागेवरून सुचली.

बोळिंजमधून बघितलं तर

मी बोळिंजला राहतो. विरार स्टेशनच्या पश्चिमेला, आगाशीच्या रस्त्यावर. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. आज वर्तमानपत्रात बोळिंज हे नाव दिसतं ते बहुतेक म्हाडाच्या घरांच्या सोडतीमुळे आणि तिथल्या पाण्याच्या रडगाण्यामुळे. तळवलकर संपादक होते तेव्हा हा भाग वाड्यांचा, बावखलांचा, केळी-पानवेलींचा होता आणि त्याच काळात इमारती चढायला लागल्या होत्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली ती याच बदलाविरुद्ध. मुंबईच्या मराठी दैनिकाचा 'महाराष्ट्र' त्या वेळी विरारपर्यंत पोचत होता का? गाडीने अंक पोचत होता हे नक्की. मतात गाव पोचत होतं का?

हा तक्रारीचा सूर नाही, ही मोजण्याची पद्धत आहे. दहा वर्षांच्या अग्रलेखांत आणि सहीच्या लेखांत आलेली गावांची नावं उतरवून काढा. मॉस्को किती वेळा, दिल्ली किती वेळा, वसई किती वेळा. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी सगळं ठाणे जिल्ह्यात शोधायचं. आणि स्पेलिंग: बोळिंज, बोळींज, बोलिंज. इंग्रजी कागदपत्रांत वसईचं बसीन. एका रूपावर विसंबलात तर गाव नकाशावरून गायब होईल.

आता तुलनेसाठी माणूसही इथेच सापडतो. बोळिंजहून आगाशीकडे निघालं की पुढे नंदाखाल लागतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथले. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, 'हरित वसई'च्या लढ्याचे नेते होते, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत त्यांचं निधन झालं. १९८३ ते १९९६ ही तेरा वर्षं हे दोन संपादक एकाच वेळी काम करत होते. एक मोठ्या भांडवली समूहाच्या दैनिकात, दुसरा ख्रिस्ती समाजाच्या छोट्या मासिकात. एकाने खुर्चीवर बसून राज्याला आणि जगाला उद्देशून लिहिलं. दुसरा लिहून रस्त्यावर उतरला.

यात एक थोर आणि एक लहान असं ठरवायचं नाहीये. दोघांनाही तोच निवडीचा प्रश्न विचारायचा आहे. तळवलकरांना विचारायचं: तुमच्या पानावर वसईच्या वाडीवाल्याचा आवाज कोणाच्या तोंडून आला? दिब्रिटोंना विचारायचं: संपादकच आंदोलनाचा नेता असेल, तर आंदोलनाशी असहमत असलेल्या, जमीन विकून मुलांची शिक्षणं करू पाहणाऱ्या शेतकऱ्याला 'सुवार्ता'त जागा मिळाली का? दुसरा प्रश्न विचारताना आपल्याला जरा अवघड वाटतं, कारण माणूस आपला असतो. तरी विचारायचाच. आपल्या माणसाला सवलत आणि मुंबईकराला हिशेब, असं चालत नाही.

जमेल का? हिशेब करू

'अठ्ठावीस वर्षांचे अंक वाचायचे म्हणजे जन्म जाईल,' हे तुम्ही म्हणणार हे माहीत आहे. वर्षाला साडेतीनशेच्या वर अंक धरले तर एकूण दहा हजारांच्या आसपास होतात. सगळे वाचायची गरज नाही. माध्यमांच्या अभ्यासात एक रूढ पद्धत आहे, तिला आपण 'रचलेला आठवडा' म्हणू. वर्षातले सगळे सोमवार घ्या, त्यांतला एक चिठ्ठी टाकून निवडा. मग मंगळवार, मग बुधवार. असे सात वार झाले की एक आठवडा रचला जातो. सलग आठवडा घेतला तर एखाद्या निवडणुकीने किंवा दंगलीने तो भरून जातो. रचलेल्या आठवड्यात वर्ष पसरतं, आणि रविवारचा पुरवणीचा दिवसही त्याच्या प्रमाणातच येतो. वर्षाला असे दोन आठवडे दैनिकासाठी साधारण पुरतात असं मानलं जातं.

म्हणजे चौदा अंक गुणिले अठ्ठावीस वर्षं: ३९२ अंक. प्रत्येक अंकाच्या मताच्या पानाला वीस मिनिटं दिली तर साधारण १३० तास. ग्रंथालयात रोज पाच तास बसलात तर सव्वीस दिवस. विरारची गर्दी, जेवणाची सुट्टी, 'आज फाइल बाइंडिंगला गेलीय' हे सगळं धरून तीन महिने म्हणा. पीएच.डी.साठी तीन महिने जास्त नाहीत. आणीबाणी किंवा गिरणी संप यांसारख्या प्रसंगांसाठी मात्र सलग अंक वेगळे वाचावे लागतील, ते यात धरलेले नाहीत.

एक व्यावहारिक गोष्ट. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा असतो, तो पिवळा पडतो आणि कडांना तुटतो. बांधीव फाइलीतलं पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून ग्रंथालयात जायच्या आधी फोन करून विचारा की कोणत्या वर्षांच्या फाइली आहेत, फोटो काढू देतात का, आणि मायक्रोफिल्म किंवा स्कॅन आहे का. प्रत्येक अंकासाठी एक तक्ता ठेवा: तारीख, वार, मुख्य अग्रलेखाचा विषय, दुसऱ्या अग्रलेखाचा विषय, सहीच्या लेखांचे लेखक, पत्रांची संख्या, अग्रलेखाला विरोध करणारी पत्रं, गावांची नावं, आणि शेवटचा रकाना 'पहिल्या पानावर काय होतं'. हा शेवटचा रकाना कंटाळून सोडू नका. अग्रलेखाने कशाबद्दल मौन पाळलं हे तोच सांगेल.

हा तक्ता भरल्यावर काय निघेल ते मला आत्ता सांगता येत नाही, आणि सांगता येत असतं तर संशोधनाची गरजच नव्हती. कदाचित असं दिसेल की उदारमतवादी संपादकाचं पान त्याच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी मोकळं होतं. कदाचित उलट दिसेल. दोन्ही निष्कर्ष त्यांच्यावर अन्याय करणारे नसतील, कारण दोन्ही त्यांच्या कामावरून काढलेले असतील, त्यांच्याबद्दलच्या कौतुकावरून नाही.

तेव्हा सिनॉप्सिसचं शीर्षक बदला. 'गोविंद तळवलकर यांची पत्रकारिता : एक अभ्यास' यात प्रश्नच नाही. त्याऐवजी असं काहीतरी लिहून बघा: 'महाराष्ट्र टाइम्सच्या संपादकीय पानावरील लेखक, विषय आणि भूगोल, १९६८ ते १९९६'. रुक्ष वाटेल. समितीतले कोणीतरी विचारतील की यात तळवलकर कुठे आहेत. त्यांना ती तळाची बारीक ओळ दाखवा, जिथे निवडीची जबाबदारी कोणाची ते छापलेलं असतं. आणि तक्त्याचा पहिला रकाना या आठवड्यातच भरायला घ्या, आजच्याच वर्तमानपत्राने. हात बसायला तेवढं पुरतं.